आधी शिक्षकाचा आवाज

तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण असलं की आमच्या तालुक्यात सकाळी पहिला प्रश्न लिंकचा येतो. "मॅडम, हजेरीची लिंक आली का?" जेवणाच्या सुट्टीनंतर दुसरा येतो, "पीपीटी ग्रुपवर टाकताल ना?" हे विचारणाऱ्यांचा मला कधी राग आला नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या कामात मोबाइल शिरला तोच माहिती भरण्यासाठी. यू-डायस भरा, सरल भरा, पोषण आहाराची रोजची नोंद करा, आधार जुळवा, कार्यक्रमाचे फोटो अपलोड करा. दोन शिक्षकी शाळेत हे सगळं करून चार-पाच वर्ग सांभाळायचे. त्या माणसासाठी तंत्रज्ञान म्हणजे वरून आलेलं आणखी एक काम असतं, आणि प्रशिक्षण म्हणजे त्या कामाची सूचना. म्हणून 'इंग्रजीच्या तासाला तंत्रज्ञानाचा वापर' असा विषय फळ्यावर लिहिला की सगळे वही उघडतात आणि ॲपचं नाव लिहून घ्यायला बसतात.

मी बीड जिल्ह्यात प्राथमिक शाळेवर शिकवते आणि इंग्रजीच्या प्रशिक्षणांना सुलभक म्हणून, म्हणजे शिक्षकांना शिकवायला जाते. अंबाजोगाई, केज, धारूर, कधी परळी. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय आणि संधी मिळेल तिथं मी ते मांडते. परकीय भाषा शिकवणाऱ्या शिक्षकाला तंत्रज्ञान द्यायचं असेल तर ते आधी त्याच्या स्वतःच्या बोलण्यासाठी द्या. वर्गासाठी नंतर देता येईल. शिक्षक त्या भाषेत मोकळेपणी बोलायला लागला की वर्गात काय वापरायचं हे त्याचं त्यालाच सुचतं. तो बोलत नसेल तर वर्गात कितीही महागडा टीव्ही लावा, त्या टीव्हीच्या बाजूला तो गप्पच उभा राहतो.

आमच्याकडे इंग्रजी परकीयच आहे. शब्द भरपूर आहेत. मोटार, स्टार्टर, डीपी, बिल, टाइम हे आमच्या आजीच्याही बोलण्यात असतात. खताच्या गोणीवर आणि औषधाच्या बाटलीवर इंग्रजी दिसते. पण इंग्रजीतलं एक पूर्ण वाक्य, कुणीतरी कुणाला तरी काही सांगायला बोललेलं, ते पोराच्या कानावर गावात कुठंच पडत नाही. घरी नाही, किराणा दुकानात नाही, एसटीत नाही. पडलं तर शाळेत, आणि तेही बाईंच्या किंवा गुरुजींच्या तोंडून. शहरातल्या मुलाला शिक्षकाचं इंग्रजी कच्चं असलं तरी बाहेरून भरून घेता येतं. धारूरच्या डोंगरातल्या वाडीवर ती सोय नाही.

आता त्या गुरुजींची बाजू बघा. जून २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. मुख्यमंत्री तेव्हा आमच्या शेजारच्या लातूरचे विलासराव देशमुख होते, शालेय शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे. त्याआधी इंग्रजी पाचवीपासून असायची. म्हणजे पहिली ते चौथीवर वर्षानुवर्षं मराठी, गणित, परिसर शिकवणाऱ्या माणसाला एका जूनमध्ये नवीन पुस्तक मिळालं आणि तो इंग्रजीचा शिक्षक झाला. त्याने शेवटचं इंग्रजी लिहिलं होतं ते बारावीच्या पेपरात, आणि बोलला तर कधीच नव्हता. निर्णय योग्य होता असंच मला वाटतं. गावातल्या पोरांना इंग्रजी उशिरा देणं हा अन्यायच होता. पण त्या शिक्षकाच्या तोंडाची काळजी कुणी घेतली नाही. त्याला गाणी दिली, चित्रं दिली, शब्दपट्ट्या दिल्या, पुढं क्यूआर कोड दिले. बोलायला कुणी बसवलं नाही.

परक्या भाषेत शिकणं मराठवाड्याला नवं नाही. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. माझे आजोबा त्या काळातले. घरी मराठी, शाळेत इतिहास-भूगोलसुद्धा उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ नंतर सगळं बदललं, पण आजोबांची उर्दू शेवटपर्यंत टिकली. ते उर्दूत हिशेब करायचे, भांडायचे, एखादा शेर म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, जुन्या मास्तरांच्या छडीची ही कमाई. नंतर कळलं की मौलवीसाहेब वर्गात शिकवायचे ती भाषा आजोबांना मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत ऐकू यायची, कचेरीत ऐकू यायची, शेजारच्या गल्लीत ऐकू यायची. शाळेत धडा असायचा आणि गावभर सराव.

इंग्रजीला आमच्याकडे तसा मोंढा नाही. ही कमतरता तंत्रज्ञान भरून काढू शकतं आणि म्हणूनच मला ते हवं आहे, मनापासून हवं आहे. फोनमध्ये जगभरातली माणसं बोलताना ऐकता येतात, थांबवता येतात, पुन्हा ऐकता येतात. आजोबांच्या मास्तरांकडे हे नव्हतं. फक्त हा मोंढा आधी कुणासाठी भरवायचा, एवढाच माझा मुद्दा आहे.

२०१५ नंतर आमच्याकडे 'डिजिटल शाळां'ची लाट आली. गावोगाव लोकवर्गणी झाली. ज्यांची स्वतःची पत्र्याची घरं त्यांनी शाळेच्या प्रोजेक्टरला पैसे दिले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. भिंती रंगल्या, टीव्ही आले, टॅब आले. विजेचं बिल थकून जोडणी तुटण्याचे, डीपी जळण्याचे प्रकार झाले. त्यावर पुष्कळ बोललं गेलंय, मी पुन्हा सांगत नाही. वीज होती तिथं काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

वीज होती तिथं इंग्रजीच्या तासाला टीव्हीवर बालगीत लागायचं. पोरं नाचायची, हातवारे करायची, खूश असायची. गाणारा आवाज अमेरिकन, गती त्यांच्या पोरांची. गाणं संपलं की दुसरं. बाई रिमोट घेऊन बाजूला. अशा एका वर्गात मी चौथीच्या मुलीला इंग्रजीत विचारलं, तुझ्या घरी कोण कोण असतं? तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. तिला इंग्रजीत प्रश्न येतो आणि त्याला उत्तर द्यायचं असतं हा अनुभवच नव्हता. इंग्रजी म्हणजे समोर लागणारी गोष्ट. त्या बाई कष्टाळू होत्या, वर्ग आरशासारखा लख्ख ठेवलेला, मुलं मराठी वाचनात तालुक्यात पुढं. मी नंतर त्यांच्याशी बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, माझ्यापेक्षा टीव्ही चांगलं बोलतो. पोरांना चुकीचं कामून ऐकवू?"

त्या वाक्यावर मी फार विचार केलाय. एका प्रामाणिक शिक्षिकेने यंत्राला पाहून स्वतःचं तोंड बंद केलं होतं, आणि तेही मुलांच्या भल्यासाठी. तिला जे प्रशिक्षण मिळालं होतं त्यात टीव्ही जोडायचा कसा, पेन ड्राइव्ह लावायचा कसा, दीक्षा ॲपवर धडा उघडायचा कसा हे सगळं होतं. तुमचं बोलणं त्या टीव्हीपेक्षा मुलाला जास्त लागतं, कारण टीव्ही त्याच्या उत्तराची वाट बघत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि नुसतं सांगूनही भागलं नसतं. तिला बोलायची तयारी करून द्यायला हवी होती.

म्हणून माझ्या वाट्याला येतो त्या तासाला मी प्रोजेक्टर लावत नाही. फक्त प्रत्येकाच्या फोनमधलं रेकॉर्डरचं ॲप. सगळ्यांच्या फोनमध्ये ते असतं आणि इंग्रजीसाठी बहुतेकांनी कधी उघडलेलं नसतं. तिसरीच्या पुस्तकातला चार-पाच ओळींचा उतारा घ्यायचा, व्हरांड्यात, झाडाखाली, जिन्यात, जिथं कुणी ऐकणार नाही तिथं जायचं आणि मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचं. मग कानाला लावून ऐकायचं. आवडलं नाही तर पुसून टाकायचं. कुणाला दाखवायचं नाही, ग्रुपवर टाकायचं नाही, मला सुद्धा नाही.

हे शेवटचं कलम मी मुद्दाम घातलंय. आमच्या शिक्षकांना चुकण्याची जेवढी भीती वाटते त्यापेक्षा सहकाऱ्यासमोर चुकण्याची जास्त वाटते. वीस वर्षं नोकरी झालेला माणूस, गावात मान असलेला, पंचायतीचा अर्जसुद्धा ज्याच्याकडून लिहून नेतात असा. त्याने चाळीस जणांसमोर उभं राहून इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची आणि मागच्या बाकावरून कुणी तरी हसायचं. तो दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणाला येतो, सही करतो, पण पुन्हा तोंड उघडत नाही. शिक्षिकांचं तर विचारूच नका; त्यांच्या उच्चारावर हसणारे त्यांच्या घरातही असतात. फोन हसत नाही. परकीय भाषेच्या शिक्षकाला यंत्राकडून मिळणारी पहिली मोठी गोष्ट हीच आहे, की चुकण्यासाठी एक खासगी जागा मिळते.

लोक बाहेर जातात. पाच मिनिटांत काही जण परत येतात, "झालं मॅडम." मी म्हणते, ऐकलंत का? ऐकलेलं नसतं. पुन्हा जातात. मग हळूहळू आवारात वेगवेगळ्या कोपऱ्यांतून इंग्रजी ऐकू यायला लागतं. निवृत्तीला आलेले एक गुरुजी, धोतर-टोपीतल्या पिढीचे शेवटचे म्हणावेत असे, बराच वेळ आंब्याखाली बसून होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "बाई, मी पुस्तकातला पूर्णविराम कुठंच घेईना गेलोय. पोरांना कसं कळत असंल?" त्यांना हे मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि विसरले असते. स्वतःच्या कानाने ऐकलं म्हणून ते त्यांचं झालं.

त्यानंतरच नमुना ऐकायचा. त्याच धड्याची ध्वनिफीत असेल तर ती, नसेल तर तालुक्यातल्या चांगलं वाचणाऱ्या शिक्षकाची. यूट्यूबवरचं काही ऐकायचं तर त्याची गती पाऊणपट करता येते, हे दाखवलं की बऱ्याच जणांचा चेहरा उजळतो. एकच वाक्य घ्यायचं. नमुना ऐकायचा, आपलं ऐकायचं, पुन्हा नमुना. अख्खा उतारा सुधारायला गेलं की काहीच सुधारत नाही.

काय ऐकायचं हेही शिकवावं लागतं, आणि प्रशिक्षणातला सगळ्यात रंगणारा भाग तो. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना त्यावर अर्थ फारसा अडत नाही. इंग्रजीत 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी. आपल्याकडे व एकच. इंग्रजीत ओठ दाताला लावून काढायचा एक आणि ओठांचा चंबू करून काढायचा दुसरा, आणि 'व्हेस्ट' नि 'वेस्ट' हे वेगळे शब्द आहेत. सगळ्यात अवघड जातं ते आघाताचं. मराठीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा यावरून सहसा काही बिघडत नाही. इंग्रजीत 'फोटोग्राफ' म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर पडतो आणि 'फोटोग्राफर' म्हणताना दुसऱ्यावर सरकतो. हे माहीत नसलेला शिक्षक प्रत्येक अक्षर सारख्या वजनाने उच्चारतो, आणि मग त्याच्या मुलाला पुढं कॉलेजात कुणाचं वेगाचं इंग्रजी ऐकताना शब्दच सुटे करता येत नाहीत. इथं मी हेही सांगते की आपल्याला इंग्रज व्हायचं नाही. आपलं इंग्रजी मराठवाड्यातलं वाटलं तर वाटू द्या. ऐकणाऱ्याला मेंढीच्या जागी जहाज ऐकू येऊ नये, इतकं पुरे.

याच टप्प्यावर बोलून टाइप करण्याची सोय कामाला येते. कीबोर्डची भाषा भारतीय इंग्रजी ठेवायची, माइकचं चिन्ह दाबायचं, वाक्य बोलायचं आणि फोन काय लिहितो ते बघायचं. मेंढी म्हटल्यावर फोनने जहाज लिहिलं की हशा होतो, आणि हा हशा कुणाला लागत नाही, कारण सगळ्यांच्याच फोनने काहीतरी वेगळं लिहिलेलं असतं. मात्र यावर आंधळा विश्वास ठेवू नका हे मी बजावते. पंखा चालू असला, रेंज गेली, शेजारी कुणी बोललं की चांगलं बोललेलंही चुकीचं उमटतं. शिवाय ही यंत्रं मुख्यतः मोठ्या माणसांच्या आवाजावर घडलेली आहेत, लहान मुलांचं बोलणं त्यांना कमी समजतं. वर्गात एखाद्या पोरीने नीट म्हटलं आणि फोनने चूक ठरवलं तर शिक्षकाला ठामपणे म्हणता आलं पाहिजे, बाळा तू बरोबर आहेस. ते म्हणता येण्यासाठी पुन्हा शिक्षकाचाच कान तयार लागतो.

याच्या नेमकी उलटी वाट मला अलीकडे दिसायला लागलीय. चॅटजीपीटी आल्यापासून, म्हणजे २०२२ च्या अखेरीपासून, पाठटाचण काढून घेणं फार सोपं झालंय. केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, सादर होणारी टाचणं सुरेख इंग्रजीत असतात. तोंड तिथंच आहे. हेच साधन बोलायला वापरलं तर मला त्याचं मोल मोठं वाटतं. आमच्या ओळखीच्या एक शिक्षिका रात्री भांडी आवरताना फोन ओट्यावर ठेवून त्याच्याशी इंग्रजीत गप्पा मारतात. शाळेत आज काय झालं, उद्या कोणता धडा आहे, पाऊस कसा नाही. त्यांना गावात इंग्रजीत बोलायला दुसरं कुणी नाही. महिनाभराने त्या वर्गात मुलांना सूचना इंग्रजीत द्यायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

शिक्षकाचं तोंड उघडलं की पुढं काय होतं, त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मला ऊसतोडीनं दाखवलं.

बीडमध्ये शिकवणाऱ्याला दिवाळीनंतरचा वर्ग माहीत असतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळ्या ट्रॅक्टरमध्ये बसतात, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. हंगामी वसतिगृहं झाली, आजी-आजोबांकडं मुलं ठेवायची सोय झाली, तरी काही मुलं आईबापाबरोबर जातातच, विशेषतः लहान भावंडं सांभाळायला मोठ्या बहिणी. परत येतात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. मराठी आणि थोडं गणित अंगात मुरलेलं असतं, ते परत जुळतं. इंग्रजी पुसून गेलेली असते, कारण फडात ती ऐकूच येत नाही.

करोनाच्या काळात आम्ही सगळे व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवायला शिकलो. बहुतेक ठिकाणी ते म्हणजे व्हिडिओची लिंक आणि पानाचा फोटो. ऊसतोड्या बापाच्या फोनवर व्हिडिओ उघडत नाही. नेट संपलेलं असतं, स्क्रीन फुटलेली असते, कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, चार्जिंगची मारामार. पण आवाजाचा संदेश लहान असतो, कमी नेटमध्ये उतरतो, अंधारात ऐकता येतो. आमच्यातल्या काही शिक्षकांनी रोज संध्याकाळी असा एक संदेश पाठवायला सुरुवात केली. अर्धा-पाऊण मिनिट. आधी मुलीचं नाव घेऊन हाक, मग इंग्रजीत एक-दोन प्रश्न. आज काय जेवलीस? बैल किती आहेत? बाळ झोपलं का? मुलीने तसाच आवाजाचा संदेश उलटा पाठवायचा. शब्द अडला तर मराठी घालायचा.

बाप फडातून येईपर्यंत फोन मिळायचा नाही, म्हणून उत्तरं रात्री यायची. मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज, कुणाचं तरी हाक मारणं, चुलीवरच्या भाकरीची थाप, आणि त्यात ते तुटक इंग्रजी. एका मुलीची आई मागून विचारतेय, "काय म्हनली गं बाई?" आणि मुलगी आईला प्रश्न समजावून सांगतेय. भाषा शिकताना याहून चांगला सराव कोणता असतो मला माहीत नाही. त्या मुली उन्हाळ्यात परत आल्या तेव्हा इंग्रजी जिथं सोडली होती तिथून पुढं आल्या होत्या.

आता लक्षात घ्या, यात तंत्रज्ञान किती होतं? प्रत्येकाला येणारं एक बटण. शिकवावं लागलं ते दुसरंच: रोज उठून स्वतःच्या आवाजात इंग्रजीत प्रश्न विचारायची हिंमत. ज्या शिक्षकांनी ते केलं ते सगळे असे होते ज्यांनी आधी स्वतःचा आवाज ऐकून ऐकून भीती घालवलेली होती. बाकीच्यांनी लिंकच पाठवल्या, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांना स्वतःचा आवाज पाठवावासा वाटत नव्हता.

रेडिओच्या काळातल्या लोकांना हे कळलेलं होतं, असं मला आता वाटतं. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने केलेला 'आम्ही इंग्रजी शिकतो' हा कार्यक्रम आकाशवाणीवरून लागायचा. त्यात रेडिओवरचा आवाज काहीतरी विचारायचा आणि गप्प बसायचा. त्या मोकळ्या सेकंदांत मुलांनी उत्तर द्यायचं आणि वर्गातल्या शिक्षकाने मुलांकडून ते करून घ्यायचं. एका साध्या ट्रान्झिस्टरने शिक्षकासाठी जागा सोडली होती. आजचे पुष्कळसे ॲनिमेटेड धडे ती जागा सोडत नाहीत. शिक्षकांना साधन निवडायला शिकवायचं तर मी ही एकच कसोटी शिकवीन: हे यंत्र मध्ये थांबतं का, आणि थांबल्यावर बोलायचं कुणी?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडिवाटच्या जिल्हा परिषद शाळेची गोष्ट सगळ्यांनी वाचली असेल. २०१९-२० च्या सुमारास तिथल्या मुलांना कोणती परदेशी भाषा शिकायची असं विचारलं, आणि रोबोटचं वेड असलेल्या मुलांनी जपानी निवडली. शहरातल्या जाणकाराने ऑनलाइन शिकवायला सुरुवात केली. मला या बातमीचा अतोनात आनंद झाला होता आणि अजून होतो. अजिंठा-वेरूळला जपानी, फ्रेंच, स्पॅनिश बोलणारे गाइड आहेत. त्यांच्या जिल्ह्यातल्या खेड्यातल्या पोरांनी जपानी का बोलू नये? पण अशा वर्गात पडद्यावरच्या तज्ज्ञाइतकाच मोलाचा माणूस मला तिथं हजर असणारा शिक्षक वाटतो. त्याला जपानी येत नसली तरी चालेल, मुलांबरोबर सतरंजीवर बसून ती शिकायची तयारी हवी. तास संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांशी दोन वाक्यं बोलणारं गावात तेवढंच एक माणूस असतं. या भूमिकेसाठी प्रशिक्षण आपल्याकडे कुठंही नाही, आणि उद्या खेड्यापाड्यांत जर्मन, जपानी पोचायची असेल तर ते लागणार आहे.

आपल्या प्रशिक्षणांची रचना हा वेगळाच विषय आहे, पण तो टाळून पुढं जाता येत नाही. राज्यस्तरावर काही जण शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. जायकवाडीच्या कालव्याचं पाणी टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला जसं मिळतं तसं ते खालच्या शिक्षकाला मिळतं. बोलण्याचं कौशल्य तर असं खाली सोडताच येत नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० मध्ये शिक्षक प्रशिक्षणावरचं तोवरचं संशोधन तपासून मांडलं होतं की माहिती सांगणं, करून दाखवणं, सराव आणि त्यावर प्रतिसाद एवढ्याने सगळ्यांच्या वर्गात बदल उतरत नाही. शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात जाऊन कुणीतरी सोबत करावी लागते. चार दशकं उलटली. आमच्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी गुगल फॉर्म भरला, प्रमाणपत्र उतरलं की त्या विषयाची फाइल बंद होते. त्या शिक्षकाच्या वर्गात पुढच्या महिन्यात कुणी गेलं तर ते तपासणीला जातं.

वेगळं करता येतं हेही आपल्याच राज्यात दिसलंय. २०१६ पासून काही वर्षं ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य शासन यांनी मिळून 'तेजस' नावाचा प्रकल्प चालवला. त्यात जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांचे गट नियमित भेटायचे, स्वतः इंग्रजीत बोलायचे, एखादा उपक्रम करून बघायचे, वर्गात नेऊन परत येऊन सांगायचे, आणि मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर एकमेकांना धरून राहायचे. माझ्या मते यातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे गट छोटा आणि माणसं ओळखीची. जिथं पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच माणसाला भेटायचं असतं तिथं कुणी कुणाला हसत नाही. राज्याची इंग्रजी शिक्षणाची खास संस्था औरंगाबादेत होती, मराठवाड्यात. इंग्रजी शिक्षकांच्या दोन पिढ्या तिथं जाऊन आल्या. आपल्याकडे अनुभव नाही असं म्हणायला जागा नाही.

यंदाच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांसाठी मी केंद्रप्रमुखांकडे लेखी मागणी दिली आहे. दर महिन्याच्या परिषदेत पाऊण तास इंग्रजीला हवा. त्यात कोणतंही नवीन ॲप सांगायचं नाही. पंधरा मिनिटं प्रत्येकाने एकट्याने वाचून, रेकॉर्ड करून ऐकायचं. पंधरा मिनिटं जोडीदाराशी इंग्रजीत बोलायचं, विषय शाळेचाच, पुस्तकातला नको. उरलेल्या वेळात एकाने मागच्या महिन्यात वर्गात काय केलं ते सांगायचं, आणि पुढच्या परिषदेआधी कोण कुणाच्या वर्गात जाऊन बसणार हे ठरवायचं. बसणाऱ्याने हातात वही घ्यायची नाही, शेरा लिहायचा नाही. ऊसतोडीच्या मुलांच्या पालकांचे चालू नंबर दिवाळीआधी गोळा करायचे आणि कोणत्या मुलाला कोण आवाज पाठवणार याची वाटणी त्याच परिषदेत करायची.

केंद्रप्रमुखांनी मागणी वाचून एकच शंका काढली, याचा अहवाल कसा द्यायचा? मी म्हटलं, सर, अहवाल मी लिहून देते, तुम्ही पाऊण तास द्या. पहिल्या परिषदेची तारीख ठरली आहे, आणि वर्गात येऊन बसण्यासाठी पहिलं नाव मी माझ्याच शाळेचं दिलंय.